दोन लिप्या, एक पट्टी : हलक्या ब्राउझरच्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, शहापूर (बेळगाव)

नंदगडच्या वाचनालयातले चारही संगणक आज घरी आणले. तीन कोअर टू ड्युओ, दोन-दोन जीबी रॅमचे. चौथा ॲटम प्रोसेसरवरचा, एक जीबी, ३२ बिटी. तिघांचे पडदे साडेअठरा इंची, १३६६ × ७६८. ॲटमला जुना चौकोनी, १०२४ × ७६८. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबरला संपतोय आणि ११ या मशीनवर चढत नाही. समितीपुढं दोनच वाटा होत्या, भंगार नाहीतर लिनक्स. लिनक्स बसवून त्यावर हलका ब्राउझर उभा करायला दिवाळीपर्यंतची मुदत मी मागून घेतली आहे.

कोण वापरतं ते आधी लिहून ठेवतो, सगळी आखणी त्यावरच बसवायची आहे. सकाळी वडीलधारी मंडळी मराठी बातम्या वाचतात. दुपारी शाळेची पोरं पाठ्यपुस्तकांचे पीडीएफ उघडतात. कर्नाटक राज्याची पुस्तकं मराठी माध्यमातही निघतात. कॉलेजची मुलं शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात. शेतकरी जमिनीचा उतारा काढायला येतात. पेपर मराठीत, उतारा कन्नडमध्ये, अर्जाचे रकाने इंग्रजीत. नंदगडपासून कित्तूरपर्यंतच्या पट्ट्यात एकच माणूस एका बैठकीत ही तिन्ही कामं करून उठतो. त्यामुळं 'मराठी ब्राउझर' किंवा 'कन्नड ब्राउझर' करून इथं भागणार नाही. दोन्ही लिप्या एकाच पडद्यावर, सारख्याच मानानं बसल्या पाहिजेत.

पाया : डेबियन १२ हे लिनक्स, त्यावर विंडो सांभाळणारा ओपनबॉक्स. ब्राउझरचा आणि डेस्कटॉपचा दर्शनी भाग मी पायथन भाषेत, विंडो-बटणं काढून देणाऱ्या जीटीके ३ वर लिहिणार.

१० जून

इंजिन, म्हणजे पान वाचून पडद्यावर मांडणारा भाग, ठरवायला आजचा दिवस गेला.

डिलो उघडतो तो डोळ्याचं पातं लवायच्या आत. हा ब्राउझर १९९९ पासूनचा. मधे बरीच वर्षं थंडावला होता, २०२४ च्या मे महिन्यात ३.१ आवृत्ती आली आणि पुन्हा हालचाल सुरू झाली. पण त्याचा पडदा काढणारी एफएलटीके १.३ ही लायब्ररी अक्षरं एकेक करून मांडते, जोडाक्षर घडवत नाही. 'किरण'मधली वेलांटी 'क'च्या नंतर जाऊन पडते. वाचनालयात असं मराठी दाखवायचं नाही. पानातले प्रोग्राम चालवणारी जावास्क्रिप्टही नाही, म्हणजे अर्ज भरणं नाही.

नेटसर्फ या ब्राउझरचा जीटीके अवतार पँगो या अक्षरं मांडणाऱ्या लायब्ररीकडून अक्षरं काढून घेतो, त्यामुळं मराठी-कन्नड वाचण्यासारखं दिसतं. त्याचं इंजिन स्वतःचं आहे, कुणाकडून घेतलेलं नाही, आणि इतक्या थोड्या माणसांनी ते इतकी वर्षं टिकवलं याचं मला फार कौतुक वाटतं. पण त्याची जावास्क्रिप्ट तोकडी आहे, अर्जांची पानं तिथं अर्ध्यावर थांबतात.

राहिलं वेबकिट-जीटीके. केडीई या लिनक्स डेस्कटॉपच्या केएचटीएमएल इंजिनमधून ॲपलनं वेबकिट काढलं, आणि त्याच वेबकिटमधून २०१३ मध्ये गूगलनं ब्लिंक वेगळं केलं. वेबकिट-जीटीके रॅम खातं हे खरं, पण अक्षरं हार्फबझ ही लायब्ररी घडवते आणि अर्ज चालतात. ठरलं. इंजिन जड घ्यावं लागतंय, तेव्हा हलकेपणा त्याच्या भोवतालच्या सगळ्यातून काढायचा.

१४ जून

आज पडद्याच्या उंचीचा हिशेब मांडला. ७६८ पिक्सेल.

नेहमीच्या मांडणीत डेस्कटॉपचं पॅनेल ३२, विंडोची शीर्षकपट्टी २६, टॅबची रांग ३४, पत्त्याची रांग ४०. एकूण १३२. पानाला उरतात ६३६.

या चारांपैकी तीन पट्ट्या एकच गोष्ट सांगतात : काय-काय उघडलंय आणि आत्ता तुम्ही कुठं आहात. पॅनेलवर विंडोचं नाव, शीर्षकपट्टीवर तेच नाव, टॅबवर पुन्हा तेच. एकाच हिशेबाच्या तीन वह्या. ब्राउझर लिहिणारे वेगळे, डेस्कटॉप लिहिणारे वेगळे, म्हणून हे असं झालंय. मी दोन्ही लिहितोय, तर वही एकच ठेवता येईल.

आखणी अशी. ब्राउझरला टॅब नाहीत. प्रत्येक पान म्हणजे एक विंडो, पडदाभर पसरलेली, शीर्षकपट्टी काढलेली. ओपनबॉक्सच्या नियमांत हे दोन ओळींचं काम आहे. डेस्कटॉपची पट्टी उघड्या विंडोंची नावं दाखवते, तीच टॅबची रांग. सकलेस या गटातल्या मंडळींच्या 'सर्फ' ब्राउझरमध्येही टॅब नाहीत, विंडो सांभाळण्याचं काम ते विंडो मॅनेजरवर सोपवतात. पण तो कीबोर्डवर हात बसलेल्यांसाठी आहे. मला तीच कल्पना माऊस धरताना बिचकणाऱ्या माणसापर्यंत न्यायची आहे.

पट्टी ३०, पत्त्याची रांग ३६, एकूण ६६. निम्मं वाचलं.

१५ जून

पट्टी वर की खाली? वर. आणि अगदी कडेला चिकटून, मधे एका पिक्सेलची फट न ठेवता. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला नियम इथं कामाला येतो : लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितका हात तिथं लवकर पोचतो. पडद्याच्या कडेला माऊसचा बाण अडतो, पुढं जाऊच शकत नाही, म्हणून कडेवरचं बटण हाताला फार मोठं लागतं. माऊस वर ढकलायचा आणि दाबायचं, नेम धरावा लागत नाही. नवख्या हाताला याहून सोपं काही देता येणार नाही.

पट्टी लिबडब्ल्यूएनसीके या उघड्या विंडोंची यादी देणाऱ्या लायब्ररीवर लिहिली. विंडोचं नाव _नेट_डब्ल्यूएम_नेम या गुणधर्मातून येतं, तो यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या सांभाळणाऱ्या संकेतपद्धतीतच असतो, त्यामुळं कन्नड शीर्षक तसंच्या तसं पोचलं.

सगळी पानं एकाच प्रोग्रामच्या विंडो आहेत. प्रत्येक पानाला नवा पायथन सुरू केला असता तर वाचवलेलं सगळं तिथंच गेलं असतं.

२२ जून

दोन लिप्यांचा खरा प्रश्न आज समोर आला.

मराठी पान उघडलेलं होतं, पट्टी ३० पिक्सेलची. शेजारी उताऱ्याचं कन्नड पान उघडलं आणि पट्टी आपोआप उंच झाली. खालचं सगळं पान सरकलं. कन्नड पान बंद केलं, पट्टी पुन्हा खाली आली आणि पान पुन्हा हललं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांखाली ओळ निसटते, हे चालायचं नाही.

कारण सरळ आहे. पँगो ओळीची उंची काढतो ती त्या ओळीत प्रत्यक्ष आलेल्या फाँटांवरून. देवनागरीचा फाँट वेगळा, कन्नडचा वेगळा, दोघांची डोक्यावरची आणि पायाखालची मापं वेगळी. देवनागरीची गर्दी वर असते : 'विद्यार्थ्यांना' या शब्दात रफार आणि अनुस्वार एकमेकांना खेटून बसतात. खालीही काही कमी नाही, 'येळ्ळूर' लिहून बघा. कन्नडची गर्दी मुख्यतः पायाखाली. तिथं जोडाक्षरातला दुसरा वर्ण पहिल्याच्या खाली जातो; कित्तूर, चन्नम्मा ही नावं कन्नडमध्ये लिहिली की दुसरा 'त', दुसरा 'न', दुसरा 'म' खाली उतरतात. उंची एका लिपीच्या मापानं बांधली तर दुसरीचे पाय तरी कापले जातात नाहीतर डोकं तरी.

उपाय : प्रोग्राम सुरू होताना दोन्ही लिप्यांतले सगळ्यात उंच आणि सगळ्यात खोल शब्द आत मांडून मोजायचे आणि त्यातली मोठी उंची कायमची धरायची. मग पट्टीत मराठी असो, कन्नड असो, इंग्रजी असो, ती हलत नाही. मोजून पट्टी ३६ झाली, पत्त्याची रांग ४०. एकूण ७६, पानाला ६९२.

म्हणजे टॅबची रांग आणि शीर्षकपट्टी काढून जी जागा मिळाली, त्यातले दहा पिक्सेल अक्षरांना दिले. नेहमीच्या मांडणीपेक्षा तरीही ५६ पिक्सेल जास्तच. १८ पिक्सेलची अक्षरं दोन्ही लिप्यांत मोकळी बसायला एका ओळीला २९ लागतात, तर बातमीच्या जवळपास दोन ओळी जादा. या प्रकल्पात पुढंही हाच नियम ठेवतो. सजावटीतून जे वाचेल ते आधी अक्षरांकडं जाईल.

२८ जून

दिवसभर पाऊस. शिरोरेषेवर काम.

साडेअठरा इंचांत १३६६ × ७६८ म्हणजे इंचाला जेमतेम ८५ ठिपके. एवढ्या विरळ पडद्यावर शिरोरेषा दोन ठिपक्यांच्या ओळींच्या मधोमध पडली की दोन्ही ओळी करड्या होतात आणि आख्खा शब्द पुसट दिसतो. रोमन अक्षरांना सलग आडवी रेघ नसते, त्यामुळं हे तिथं इतकं जाणवत नाही. अक्षरं रंगवणाऱ्या फ्रीटाइपच्या स्वयंचलित हिंटिंगमध्ये, म्हणजे अक्षर ठिपक्यांवर नीट बसवण्याच्या सोयीत, देवनागरी आणि कन्नड दोन्हींची सोय आहे. 'हलकं' हिंटिंग लावलं की ते फक्त उभ्या दिशेनं अक्षर सरकवतं आणि शिरोरेषा ठिपक्यांच्या एका ओळीवर नेऊन बसवतं. फाँटकॉन्फिग या फाँटांच्या सेटिंगमध्ये चार ओळी घातल्या. फरक लांबून दिसतो. सत्तरीतल्या वाचकासाठी मी यापेक्षा मोठं काही आत्तापर्यंत केलेलं नाही.

५ जुलै

पट्टीवरची नावं कापायची कशी?

एक बटण साधारण १७० पिक्सेल रुंद. शीर्षकं लांबलचक. सरळ वर्ण मोजून कापलं तर 'येळ्ळूर'चं चौथ्या वर्णानंतर 'येळ्' होतं, हलंत पाय मोडून उघडा पडतो. बाइट मोजून कापलं तर त्याहून वाईट. देवनागरी आणि कन्नड दोन्हींत एका वर्णाला यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात, मधेच कापलं की चौकोनात प्रश्नचिन्ह.

युनिकोडच्या २०२३ च्या १५.१ आवृत्तीत यासाठी नियम आला. देवनागरीसह सहा भारतीय लिप्यांत आख्खं जोडाक्षर एक घटक धरायचं, म्हणजे 'ळ्ळू' एकत्र राहतं. त्या सहांत तेलुगू आहे, मल्याळम आहे, कन्नड नाही. म्हणून कन्नडसाठी नियम मी हातानं लिहिला : घटकाच्या शेवटी हलंत आला तर पुढचं व्यंजन त्याच्यातच धर. पाच ओळींचं काम. दोन्ही भाषांची नावं सारख्याच नीटपणे कापली जावीत, त्यात एक धड आणि एक तुटकं असं नको.

आणखी एक. शासकीय पानांची शीर्षकं बहुतेकदा एकाच लांब नावानं सुरू होतात, वेगळेपणा शेवटी असतो. तीन पानं उघडली की पट्टीवर तीन सारखी बटणं. आता दोन उघड्या नावांचा सुरुवातीचा भाग सारखा असेल तर तो गाळून पुढचंच दाखवतो.

१९ जुलै, नंदगड

एक मशीन घेऊन गेलो. रोप लावणीचे दिवस, वाचनालयात माणूस कमी, पण आले त्यांनी वेळ काढून बसून पाहिलं.

एक आजोबा बातमी वाचत होते. पडदाभर वाचून झालं आणि थांबले. "सर, एवढंच हाय काय हो? खालचं कुठं गेलं की?" जीटीकेचे स्क्रोलबार वापर नसताना लपतात. फोनवर बोटानं पान ओढायची सवय असणाऱ्याला ते चालतं. ज्याला खाली आणखी काही आहे हेच ठाऊक नाही, त्याच्यासाठी बातमी तिथंच संपते. लपणारे स्क्रोलबार तिथल्या तिथं बंद केले. आता उजवीकडं १८ पिक्सेलची कायम दिसणारी पट्टी आहे. आडवी जागा आपल्याकडं भरपूर आहे, टंचाई उभ्याची.

दुसरं, चिन्हं. मागं-पुढंचे बाण सगळ्यांना कळले. गोल फिरणारा बाण एकालाही नाही. तीन आडव्या रेघांना तर कुणी हातच लावला नाही. बटणांवर शब्दच हवेत : मागे, पुढे, पुन्हा, मोठं, लहान, छापा. शब्दांना रुंदी लागते, उंची लागत नाही, म्हणजे आपल्याला फुकट. रेघांचा मेन्यू काढूनच टाकतो. जे रोज लागतं ते समोर असलं पाहिजे, आणि जे वर्षातून एकदा लागतं ते ग्रंथपाल काकांसाठी एका वेगळ्या विंडोत.

बटणांची भाषा मराठी की कन्नड, हे डाव्या कोपऱ्यातल्या एका बटणावर ठरतं. दोन्ही भाषा एकाच बटणावर वर-खाली लिहाव्यात अशी सूचना काकांनी केली. मोजून पाहिलं, रांग ६० च्या पुढं जाते. भाषा त्या क्षणी बदलते, प्रोग्राम पुन्हा सुरू करावा लागत नाही. पान कन्नड आलं म्हणून बटणं आपोआप कन्नड होत नाहीत. बसलेल्या माणसानं जी निवडली ती तो उठेपर्यंत.

२७ जुलै

कीबोर्ड. दोन पर्याय होते. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीत सगळ्या भारतीय लिप्यांत त्या-त्या उच्चाराला तीच कळ असते, विचार फार सुंदर. पण इथल्या पोरांनी कॉम्प्युटर क्लासात कन्नड टायपिंग शिकलंय ते नुडी या कन्नड सॉफ्टवेअरवर, म्हणजे कन्नड गणक परिषदेच्या कगप मांडणीवर. लिनक्सच्या कीबोर्ड-यादीत कगप मांडणी कन्नडसाठी तर आहेच, मराठीसाठीही आहे. हे सीमाभागाबाहेर फारसं कुणाच्या कामाचं नसेल, आपल्यासाठी मात्र घबाड आहे. के दाबला की क, शिफ्ट धरून ख, शिफ्ट-एल म्हणजे ळ, एफ म्हणजे पाय मोडणं. दोन्ही भाषांत बोटं तिथंच.

वाचनालयातल्या एका आठवीच्या मुलीला आज बसवलं. कन्नडचे दोन शब्द झाल्यावर भाषा बदलून दिली. "दादा, कन्नडला जे बटण, मराठीला पण तेच हाय की!" आणि न थांबता स्वतःचं नाव लिहिलं.

तीन मांडण्या : इंग्रजी, मराठी कगप, कन्नड कगप. कॅप्सलॉकला हात लावलेला नाही, अर्ज मोठ्या अक्षरांत भरायचे असतात. बदल उजवीकडच्या मेन्यू कळीनं होतो, नाहीतर पट्टीवरच्या बटणानं. बटणावर चालू लिपीचा 'अ' दिसतो. पण लिहिणाऱ्याचे डोळे कोपऱ्यात नसतात, म्हणून बदलताना तोच 'अ' पडद्याच्या मधोमध मोठा उमटून पाऊण सेकंदात जातो.

१० ऑगस्ट

काल डेबियन १३ आलं. ३२ बिटी इंटेलसाठी आता इन्स्टॉलर नाही, कर्नलही नाही. ॲटम १२ वरच राहील. डेबियन १२ चा दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत आहे. ॲटमला वेबकिट द्यायचंच नाही असं ठरवलं. चौकोनी पडदा पुस्तकाच्या पानाला चांगला, म्हणून ते पाठ्यपुस्तकांचं मशीन. पीडीएफ म्यूपीडीएफमध्ये उघडतात, एक जीबी त्याला पुरून उरते. वरची पट्टी तीच, कारण विंडो ब्राउझरची आहे की पुस्तकाची हे पट्टीला कळायची गरजच नाही. एका मशीनवर शिकलेला हात दुसऱ्यावर चालतो.

२४ ऑगस्ट

रॅम. बातमीच्या एखाद्या पानाला दोनशे-तीनशे एमबी सहज लागतात. पाच पानं उघडली की दोन जीबीचं मशीन रॅममधलं सामान हार्ड डिस्कवर ठेवू लागतं, म्हणजे स्वॅप करू लागतं, आणि माऊससुद्धा अडखळतो. आधी झेडरॅम लावलं, म्हणजे स्वॅप डिस्कवर न जाता रॅममध्येच दाबून ठेवला जातो. मग वेबकिटची मजकूर-चाळणी : जाहिरातींच्या स्क्रिप्ट रोखणारे नियम एकदाच संकलित होतात, त्यांचा भार जाणवत नाही.

तरीही कमी पडलं, तर मागं पडलेलं पान उतरवायचं. पत्ता आणि मागच्या-पुढच्या पानांची साखळी जपून ठेवायची, इंजिन सोडून द्यायचं, पट्टीवर नाव तसंच ठेवायचं, फक्त शेजारचा ठिपका पोकळ. नावावर दाबलं की पान पुन्हा येतं.

यात एक गोष्ट मी कुठल्याही परिस्थितीत होऊ देणार नाही. अर्धा भरलेला अर्ज उतरवायचा नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जात मुलगी खाते क्रमांक बघायला दुसऱ्या पानावर जाते, परत येते आणि सगळे रकाने रिकामे. असं झालं तर ती या मशीनवर पुन्हा विश्वास ठेवणार नाही, आणि ते बरोबरच ठरेल. म्हणून प्रत्येक पानात एक छोटी स्क्रिप्ट आहे. कुठल्याही रकान्यात एक अक्षर टाइप झालं की त्या पानावर 'हात लावू नये' अशी खूण होते. काय टाइप केलं ते ती वाचत नाही. उतरवण्यासारखं एकही पान उरलं नाही तर माणसालाच विचारायचं, यातलं कुठलं बंद करू?

७ सप्टेंबर

विसर्जनाच्या मिरवणुकीमुळं दोन दिवस काम नाही.

२१ सप्टेंबर

वीज जाणं हे नंदगडला अपवाद नाही, पावसात तर नाहीच. यूपीएस एकाच मशीनला आहे. तेव्हा प्रत्येक पान उघडताना उघड्या पानांची यादी डिस्कवर लिहितो. आधी वेगळ्या फाइलमध्ये पूर्ण लिहून, डिस्कवर उतरल्याची खात्री करून, मग नाव बदलून जुनीच्या जागी. लिहिता-लिहिता वीज गेली तर जुनी यादी तरी शाबूत.

पण मशीन सार्वजनिक आहे. वीज परत येईपर्यंत पहिला माणूस घरी गेला आणि दुसरा येऊन बसला, तर पहिल्याची पानं दुसऱ्याला दिसता कामा नयेत. यावर बराच विचार केला. कुकी फक्त रॅममध्ये ठेवतो, त्यामुळं वीज गेली की लॉग-इन आपोआप संपतं. यादीत अर्जांची पानं लिहीतच नाही. सुरू होताना पडद्यावर एकच प्रश्न येतो, "मघाशी तुम्हीच बसला होता काय?" आणि पानांची नावं त्याच्याखाली दाखवत नाही. हो म्हटलं तरच उघडतात, एरवी यादी पुसली जाते. पट्टीच्या उजव्या टोकाला 'झालं माझं' हे बटण. ते दाबलं की सगळी पानं बंद, सगळं साफ, पडदा पहिल्यासारखा. बाकीच्या बटणांपासून ते मुद्दाम लांब ठेवलं आहे.

५ ऑक्टोबर

एक मशीन उन्हाळ्यापासून गुंडाळून ठेवलेलं होतं. आज सुरू केलं तर जवळजवळ प्रत्येक पानावर 'असुरक्षित' असा लाल पडदा. मदरबोर्डवरचा सेल संपलेला, घड्याळ एप्रिलमध्ये अडकलेलं. बऱ्याच संकेतस्थळांची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं नव्वद दिवसांची असतात, म्हणजे आजचं प्रमाणपत्र एप्रिलच्या हिशेबानं अजून सुरूच झालेलं नाही.

ब्राउझर अशा वेळी धोक्याची भाषा बोलतो आणि माणूस घाबरून उठतो. आता प्रमाणपत्राची चूक 'अजून लागू नाही' या जातीची असेल, तर आधी घड्याळ तपासतो. ते प्रोग्राम बांधल्याच्या तारखेच्याही मागं असेल तर पानावर एवढंच येतं : "संगणकाचं घड्याळ मागं पडलंय. बरोबर करू?" बाकीच्या प्रमाणपत्र-चुकांना मात्र सवलत नाही. तिथं पुढं जायचं बटणच दिलेलं नाही, कारण याच मशीनवर लोक आधार क्रमांक टाकणार आहेत. सेल बदलला.

१२ ऑक्टोबर, नंदगड

चारही मशीन जागेवर. घरपानावर मोठ्या अक्षरांत आठ ओळी, वाचनालयात सगळ्यात जास्त लागणारी पानं, प्रत्येकाचं नाव मराठीत आणि कन्नडमध्ये शेजारी-शेजारी. पत्ता टाइप करायची वेळच येऊ नये असा हेतू. पत्त्याच्या रांगेत कुणी देवनागरी किंवा कन्नड लिहिलं तर तो शोध समजायचा.

८ नोव्हेंबर, नंदगड

दिवाळीनंतर आज दिवसभर नुसता बसून पाहत होतो.

टॅब कुठं गेले असं कुणीही विचारलं नाही. नावावर दाबायचं, ते पान येतं, एवढंच सगळ्यांनी धरलंय. पोरं ॲटमवर दोन पुस्तकं उघडून पट्टीवरून इकडून तिकडं जातात, गणिताचं पुस्तक आणि कन्नडचं.

एक वागणं मी धरलं नव्हतं. दुसरं काही बघून झालं की लोक पट्टीवरून परत जात नाहीत. घरपानावर येऊन तीच ओळ पुन्हा दाबतात. एकाच पेपरची चार-चार बटणं जमतात आणि रॅमही जाते. घरपानावरची ओळ दाबली आणि ते पान आधीच उघडं असेल तर तेच पुढं आणायचं, असं आता केलं. हा नियम घरपानापुरताच. पानाच्या आतल्या दुव्यांना लावला तर निकालाच्या पानांवर घोटाळा होईल, तिथं पत्ता एकच असतो आणि क्रमांक वेगळा.

एका अक्कांनी 'मोठं' बटण इतकं दाबलं की अक्षर पडद्याबाहेर गेलं. जास्तीत जास्त दुप्पट, अशी मर्यादा घातली, आणि मोठं करताना फक्त अक्षर वाढतं, चित्रं नाहीत. पेपरची पानं त्यानं बरी राहतात. उताऱ्याचा तक्ता मात्र रुंद होऊन उजवीकडं जातो, त्या पानाला आख्खं पान मोठं करणंच योग्य. पानागणिक लक्षात ठेवायची सोय घरपानाच्या यादीतच करतो, प्रत्येक ओळीला एक खूण.

राहिलेलं मोठं काम छपाई. ए-४ उभ्या कागदावर उताऱ्याचे शेवटचे रकाने कापले जातात. आडवा कागद घेतला की बसतात, पण तो पर्याय जीटीकेच्या छपाई-विंडोत दुसऱ्या टॅबखाली आहे आणि तिथवर कुणी पोचत नाही. 'छापा' दाबल्यावर आधी पानाची रुंदी मोजून कागद उभा की आडवा ते आपणच ठरवायचं, आणि छापण्याआधी कागदाचं चित्र दाखवायचं. पुढच्या शनिवारी प्रिंटर घेऊन बसतो.